उणे साडेसहा

डॉक्टर मायनस म्हणतात,
मी मनात उणे म्हणते.
उजवा साडेसहा, डावा पावणेसात,
आणि एक तिरपा आकडा, जो मला कधीच पाठ झाला नाही.

माटुंग्याच्या दवाखान्यात प्रिसिला नावाची मुलगी
डोळ्यांत तीनदा थेंब घालते,
बाहुल्या मोठ्या होईपर्यंत बसवून ठेवते,
आणि मग हातात माहितीपत्रक देते.
"नीट वाचून घ्या."
चार गुळगुळीत पानं, सगळी पांढरी.
एका पानावर हसणारी बाई आहे
किंवा कापलेलं कलिंगड.

बुबुळावरचा पडदा पाचशे बारा मायक्रॉन.
म्हणजे किती हो?
डॉक्टर टेबलावरचं व्हिजिटिंग कार्ड उचलतात.
"अशी दीड."
एवढ्याशा जागेत कोरून कोरून
ते माझं सगळं उणंदुणं काढणार.
"हिरव्या ठिपक्याकडे बघत राहायचं,
वीस-पंचवीस सेकंद.
जरा जळका वास येईल, घाबरू नका."

तो वास माझ्या ओळखीचा आहे.
रेशमाचं टोक काडीवर धरलं की येतो.
मी ठाकुरद्वारला नथी ओवते, अठरा वर्षं.
बारीक मोती आला की चष्मा कपाळावर सारते
आणि वितीच्याही आत आणते हात.
तिथे, नाकासमोर,
मला मोत्याचं भोक दिसतं विहिरीएवढं.
पेढीवरचे चांगल्या डोळ्यांचे लोक
भिंग लावूनही चाचपडतात.

हे सांगितलं, तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकले.
वय? अडतीस.
"दूरचं स्वच्छ होईल. पण मग चाळिशी लागेल,
दोन वर्षांत, तीन वर्षांत.
जवळचं हे असं राहणार नाही."

मनवाने, माझ्या भाचीने, गेल्या वर्षी केलं.
"मावशी, समोरच्या बिल्डिंगीवरची कबुतरं मोजता येतात!"
मला कबुतरं मोजायची नाहीत.
मला सकाळी उठून घड्याळ बघायचं आहे.
सतरा वर्षं पहिला हात उशीखाली चष्म्याला जातो,
नवऱ्याला दुसरा.
कुकर उघडला की मी आंधळी.
आणि नाकावरचे हे दोन खड्डे,
ज्यांत एकेक मोती सहज बसेल.

सात वर्षांची असताना जुहूला
आईने चष्मा काढून पर्समध्ये ठेवला,
लाट नेईल म्हणून.
पाण्यातून बाहेर आले तर किनाऱ्यावर नुसते डाग.
हिरवा डाग म्हणजे आई, असं धरून चालत गेले,
आणि बसले.
कुणीतरी टॉवेलने डोकं पुसलं,
उकडलेल्या शेंगा ओंजळीत दिल्या.
चार-पाच शेंगा खाल्ल्यावर कळलं,
हे लोक गुजराती बोलतायत.
मला घाबरायचं सुचलंच नाही.
त्या बाईला माहीत होतं मी तिची नाही,
तरी ती पुसत राहिली.
तिचा चेहरा मला दिसला नाही.
आता दिसणारही नाही,
कितीही मायक्रॉन तासले तरी.

बाहेर पडले तेव्हा उन्हाचे भाले झालेले.
प्रिसिलाने दिलेला काळा पुठ्ठ्याचा चष्मा
माझ्या चष्म्यावर चढवला
आणि स्टॉपवर उभी राहिले.
एक लाल ढग आला, थांबला.
"कितवी आहे हो?"
शेजारच्या म्हाताऱ्याने सांगितलं,
मग मला खालपासून वर बघितलं असावं.
"ऑपरेशन झालं का, बाई?"

"नाही," म्हटलं. "विचार चाललाय."
"करून टाका," तो म्हणाला,
आणि माझ्या कोपराला हात देऊन
मला माझ्या नसलेल्या बसमध्ये चढवलं.